घड्याळ एक तास पुढे गेले आणि स्कॅनर रुसला



आपल्या बेटावरील मराठी घरांत विलायतेला कोणी नाही असे घर शोधावेच लागेल. १९६० आणि १९७० च्या दशकांत आपल्याकडून पुष्कळ तरुण मुले-मुली परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेली, आणि त्यांतली बरीच तिकडेच राहिली. माझी धाकटी मावशी त्यांपैकीच एक. रुग्णालयात आयुष्य घालवून ती आता निवृत्त झाली आहे. तिची मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण, लंडनजवळच्या एका वस्तीत डॉक्टरांच्या दवाखान्यात कचेरीची व्यवस्था पाहते. इंग्लंडमध्ये प्रत्येक माणूस आपल्या भागातील अशा एका दवाखान्यात नाव नोंदवतो, आणि त्याच्या आजारपणाचा सगळा हिशेब तेथे ठेवला जातो.

२०२४ सालच्या एप्रिलच्या सुटीत मी त्यांच्याकडे गेले होते. सहा तारखेला, शनिवारी, घरात पाऊल ठेवले, पिशवीतून आपल्या बेटाची व्हॅनिला घातलेली चहापत्ती आणि थोडी मिरच्यांची लोणची काढून मावशीच्या हाती दिली. मावशीने सगळ्यांची चौकशी केली. बहीण मात्र दारातच उभी. तिचा पहिला प्रश्न असा:

"ताई, तुमच्या शाळेत तो मोठा स्कॅनर आहे ना? तो कधी फोटोकॉपी करतो पण स्कॅन करत नाही, असे होते का ग?"

मावशी म्हणाली, "अग, तिला चहा तरी पिऊ दे! बारा तास विमानात बसून आली आहे ती."

पण बहिणीच्या चेहऱ्यावरून मला कळले की गोष्ट चहापर्यंत थांबण्यासारखी नाही.

त्या दवाखान्यात येणारी बहुतेक पत्रे आता संगणकावरूनच येतात. तरी काही अजून कागदावर येतात: कोणी रुग्ण खाजगी डॉक्टरांचे पत्र हातात घेऊन येतो, कोणाचा परदेशातील अहवाल असतो, काही टपालाने येते. असा प्रत्येक कागद स्कॅन करून त्या रुग्णाच्या नोंदीत जोडावा लागतो. डॉक्टर रुग्णाला तपासताना पडद्यावर पाहतात. जे पडद्यावर नाही, ते त्यांच्या दृष्टीने आलेलेच नाही.

ईस्टरच्या सुटीनंतर मंगळवारी, २ एप्रिलला, दवाखाना उघडला, तेव्हापासून एकही कागद पडद्यावर गेला नव्हता. गठ्ठा वाढत होता. बहिणीने एक चांगले केले होते: गठ्ठ्यात ठेवण्यापूर्वी प्रत्येक पत्र ती स्वतः वाचत होती. गुरुवारी संध्याकाळी तिला एक पत्र सापडले. एका वृद्ध गृहस्थांच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची मात्रा तज्ज्ञांनी निम्मी केली होती, आणि त्यांची नेहमीची औषधाची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी निघायची होती. ती पत्र घेऊन डॉक्टरांच्या खोलीकडे धावली. काम झाले. त्या रात्री तिला झोप मात्र आली नाही. आपण वाचले नसते तर?

येथे एक गोष्ट स्पष्ट करते. मी त्या दवाखान्यात गेले नाही, रुग्णांचे कागद पाहिले नाहीत, आणि बहिणीने मला कोणाचे नावही सांगितले नाही. तिकडे या बाबतीत नियम कडक आहेत आणि ते असावेतच. आम्ही जे केले ते स्वयंपाकघरातील टेबलावर, एका जुन्या पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने केले.

अध्यापक विद्यालयात असताना आम्हांला एक धडा पक्का शिकविला होता. मुलाचे गणित चुकले की लगेच पुन्हा सोडवायला लावू नये. त्याची पायरी कोठे चुकली ते शोधावे. पहिल्या तीन ओळी बरोबर असतील तर त्या पुसू नयेत. यंत्राचेही तसेच असते असा माझा अनुभव आहे. म्हणून मी पाकिटावर कागदाचा प्रवास काढला. कागद आधी काचेवरून जातो. दिव्याच्या उजेडात यंत्र त्याचे चित्र घेते आणि आपल्या पोटात ठेवते. मग ते चित्र तारेतून निघून मुख्य संगणकाच्या दारापर्यंत जाते. दाराशी यंत्राला आपले नाव आणि परवलीचा शब्द सांगावा लागतो. ते पटले की दार उघडते आणि चित्र ठरलेल्या खणात ठेवले जाते.

"फोटोकॉपी निघते का?" मी विचारले.

"निघते. स्वच्छ."

म्हणजे काच, दिवा, कागद ओढणारे रबराचे रूळ, यंत्राचे पोट हे सगळे ठीक. त्या ओळी पुसायच्या नाहीत.

"संगणकावरून त्याच यंत्रावर छपाई होते?"

"मंगळवारी होत होती. बुधवारी बंद पडली. गुरुवारी पुन्हा सुरू झाली."

हे उत्तर मला आवडले नाही. रोगाची लक्षणे अशी येत-जात असली की बहुधा मधे कोणीतरी हात घातलेला असतो. आणि तसेच निघाले. बुधवारी सकाळी कंटाळून एका सहकाऱ्याने यंत्र तर बंद करून चालू केलेच, पण भिंतीवरची ती दिवे लुकलुकणारी पेटीही बंद करून चालू केली, जी कचेरीतील सगळ्या यंत्रांना जोडते. आपल्या शाळांतूनही हा उपाय सर्रास चालतो आणि पुष्कळदा लागूही पडतो. म्हणूनच तो धोक्याचा. नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राला एक आकड्यांचा पत्ता असतो, त्याला आय.पी. पत्ता म्हणतात. हा पत्ता ठरवून कायमचा दिलेला नसेल तर ती पेटी तो उसना वाटते. पेटी बंद होऊन सुरू झाली की कधी कधी कालच्या घराला आज दुसराच क्रमांक मिळतो. संगणक बिचारे जुन्याच दारावर टकटक करत राहतात आणि छपाई थांबते. गुरुवारी दूरध्वनीवरून तंत्रज्ञाने तो पत्ता पेटीतच राखून ठेवला, की यापुढे हा क्रमांक याच यंत्राचा. हे काम यंत्र बसवितानाच करायला हवे होते. पण मूळ दुखणे तेथे नव्हते. एका आजाराला दुसरा आजार येऊन चिकटला, तो निघाला, आणि सर्वांना वाटले की आपण बरे झालो.

छपाईत संगणक यंत्राच्या दारी जातो. स्कॅनमध्ये यंत्र संगणकाच्या दारी जाते. रस्ता एकच, पण जाणारा वेगळा. म्हणून छपाई चालते आणि स्कॅन चालत नाही, यात नवल काही नाही. उलट त्यातून आपल्याला कळते की तार जोडलेली आहे, पत्ता बरोबर आहे, आणि भांडण दारावर आहे.

यंत्राच्या छोट्या पडद्यावर संदेशही तसाच येत होता: प्रवेश नाकारला. असा संदेश वाचला की कोणीही परवलीच्या शब्दाकडे बोट दाखविणार. तेही चूक नाही. पुष्कळ कचेऱ्यांत असे घडते की स्कॅनर बसविणाऱ्याने एखाद्या कर्मचाऱ्याचेच नाव आणि परवलीचा शब्द यंत्रात भरलेला असतो. काही महिन्यांनी तो कर्मचारी नियमाप्रमाणे आपला शब्द बदलतो. यंत्राला कोण सांगणार? ते जुनाच शब्द घेऊन दारावर जाते, पुन्हा पुन्हा चुकते, आणि शेवटी मुख्य संगणक ते नावच कुलूपबंद करतो. मग त्या बिचाऱ्या कर्मचाऱ्यालाही सकाळी आपला संगणक उघडता येत नाही. यासाठी स्कॅनरला स्वतःचे वेगळे नाव द्यावे, आणि त्या नावाला फक्त त्या एका खणात कागद ठेवण्याचा अधिकार असावा, जास्त काही नाही.

बहिणीच्या दवाखान्यात स्कॅनरला वेगळे नाव होते. तरीही शब्द बदलून पाहिला. त्या छोट्या पडद्यावर बोटाने टंकताना मोठे अक्षर लहान पडते, म्हणून दोघींनी मिळून, एकीने वाचून आणि दुसरीने टंकून, तीनदा भरला. दार उघडले नाही.

मग तंत्रज्ञाने आणखी एक शंका काढली, आणि तिच्यामागे इंग्लंडचा एक मोठा प्रसंग आहे. तो येथे सांगितलाच पाहिजे. १२ मे २०१७ रोजी, शुक्रवारी, 'वॉनाक्राय' नावाचा संगणकी रोग जगभर पसरला. तो संगणकातील सर्व कागदपत्रे कुलूपबंद करून खंडणी मागत असे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टचे काम विस्कळीत झाले आणि ५९५ डॉक्टरांच्या दवाखान्यांना त्याची लागण झाली. शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला दिली होती; पण अनेक ठिकाणी ती लावलेलीच नव्हती. त्या दिवसांत मावशी अजून कामावर होती. ती सांगते की त्या शुक्रवारी दुपारी वॉर्डातील पडदे बंद झाले आणि जुन्या परिचारिकांनी कपाटातून कागदी तक्ते बाहेर काढले. "आम्हांला काही वाटले नाही," ती म्हणाली. "आम्ही कागदावरच शिकलो होतो. तरुण मुली मात्र घाबरल्या."

हा रोग ज्या वाटेने एका संगणकातून दुसऱ्यात जात असे, ती वाट म्हणजे फाइली देण्या-घेण्याची एक जुनी बोली होती. तिला एस.एम.बी. पहिली आवृत्ती म्हणतात. या प्रसंगानंतर कचेऱ्यांनी ती बोली बंद करून टाकण्याचा सपाटा लावला. २०१७ च्या शरद ऋतूपासून तर विंडोजच्या नव्या आवृत्तीत ती मुळात बसविलेलीच नसे. आणि मग जागोजागी स्कॅनर मुके झाले! कारण अनेक जुन्या स्कॅनरांना तेवढी एकच बोली येत होती. यंत्र ठणठणीत, शब्द बरोबर, तार जोडलेली, पण दारावरचा पहारेकरी ती भाषा आता ऐकूनच घेत नाही. उपाय दोनच: निर्मात्याकडून यंत्रासाठी नवी प्रणाली घेऊन त्याला दुसरी किंवा तिसरी आवृत्ती शिकवावी, नाहीतर यंत्र बदलावे. कोणी तिसरा उपाय सुचवील की जुनी बोली पुन्हा चालू करा. त्याचे ऐकू नये. एका स्कॅनरच्या सोयीसाठी घराचे मागचे दार रात्रभर उघडे ठेवण्यासारखे ते आहे.

असेच काहीसे २०२२ मध्ये ई-मेलने स्कॅन पाठविणाऱ्यांच्या बाबतीत झाले. त्या वर्षी ३० मेपासून गुगलने नुसते नाव आणि शब्द देऊन आपल्या टपालपेटीत शिरण्याची जुनी सवलत काढण्यास सुरुवात केली. ज्या कचेऱ्यांचे यंत्र साध्या खात्यावरून पत्रे धाडत होते, ते त्यानंतर थांबले. त्या यंत्रासाठी वेगळा सोळा अक्षरी शब्द तयार करून घ्यावा लागतो, हे पुष्कळांना फार उशिरा कळले.

असो. बहिणीच्या यंत्राला ही शंका लागू नव्हती. ते नवे होते, २०२३ च्या नोव्हेंबरात बसविलेले. त्याला नव्या बोली येत होत्या. आणि मुख्य म्हणजे गुरुवार, २८ मार्चपर्यंत ते उत्तम चालत होते.

मी पाकिटावर दोन तारखा लिहिल्या. गुरुवार २८ मार्च: चालू. मंगळवार २ एप्रिल: बंद. मधे गुड फ्रायडे, शनिवार, ईस्टरचा रविवार आणि सोमवारची सुटी. दवाखाना बंद. मग या चार दिवसांत बदलले काय?

"काहीच नाही," बहीण म्हणाली. "आत कोणी आलेच नाही."

मावशी चहा ओतत होती. ती म्हणाली, "घड्याळे बदलली की! रविवारी."

वाचकांपैकी ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, आपल्याकडेही एकदा हा प्रयोग झाला होता. २६ ऑक्टोबर २००८ ला सरकारने आपली घड्याळे एक तास पुढे केली आणि २९ मार्च २००९ ला पुन्हा मागे आणली. त्या एका उन्हाळ्यानंतर तो विषय संपला. मला आठवते ते एवढेच की सकाळच्या शाळेच्या बसला अंधारात उभी राहणारी मुले पेंगत असत. इंग्लंडमध्ये मात्र हे दरवर्षी चालते: मार्चच्या शेवटच्या रविवारी तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. २०२४ मध्ये मार्चचा शेवटचा रविवार ३१ तारखेला, नेमका ईस्टरच्या दिवशी आला.

मी विचारले, "मंगळवारी सकाळी भिंतीवरची घड्याळे कोणी लावली?"

बहीण एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आमचे देखभाल पाहणारे गृहस्थ. फार काळजी घेणारे आहेत. सगळी घड्याळे लावली, आणि..." ती थांबली. "आणि स्कॅनरचेही लावले. त्यावर एक तास मागची वेळ दिसत होती म्हणून."

आता यात बिघडले काय, असे कोणीही म्हणेल. वेळ चुकीची होती, त्यांनी बरोबर केली. पण येथेच खरी मेख आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

अशा यंत्राच्या आत दोन गोष्टी असतात. एक, जगाची समान वेळ, जी ग्रीनिचच्या हिशेबाने चालते. दुसरी, आपल्या गावाचा फरक. पडद्यावर दिसणारी वेळ म्हणजे या दोहोंची बेरीज. आपल्या बेटाचा फरक चार तास, बारा महिने तोच. इंग्लंडचा हिवाळ्यात शून्य, उन्हाळ्यात एक. हे यंत्र नोव्हेंबरात बसविले तेव्हा उन्हाळी वेळेची कळ बंदच राहिली. हिवाळ्यात फरक शून्य असल्यामुळे कोणाच्या लक्षातही आले नाही. ३१ मार्चला पडद्यावरची वेळ एक तास मागे दिसू लागली. आतली जागतिक वेळ मात्र बिनचूक होती. त्या गृहस्थांनी फरकाची कळ न लावता घड्याळच एक तास पुढे केले. पडदा बरोबर झाला. आतली वेळ एक तास चुकली.

आणि दारावरच्या पहारेकऱ्याला आतली वेळ लागते. मोठ्या कचेऱ्यांतील मुख्य संगणक प्रवेश देताना 'केर्बेरॉस' नावाची पद्धत वापरतात. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर बसणाऱ्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचे हे नाव. या पद्धतीत येणाऱ्याच्या चिठ्ठीवर वेळ लिहिलेली असते, म्हणजे कोणी कालची चिठ्ठी चोरून आज वापरू नये. आपल्या बसमध्ये तपासनीस जसा तिकिटावरची वेळ पाहतो तसेच. विंडोजमध्ये नेहमीच्या नियमाप्रमाणे पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर शब्द कितीही बरोबर असो, प्रवेश नाकारला. आमच्या यंत्राचा फरक साठ मिनिटांचा होता. छपाईला आणि फोटोकॉपीला अशी चिठ्ठी लागत नाही, म्हणून ती कामे सुरळीत चालली होती.

सोमवारी सकाळी बहिणीने तंत्रज्ञाला दूरध्वनी करून फक्त घड्याळ पाहायला सांगितले. त्याने उन्हाळी वेळेची कळ लावली, वेळ दुरुस्त केली, आणि यापुढे यंत्राने आपली वेळ मुख्य संगणकालाच विचारून घ्यावी अशी व्यवस्था केली. सव्वानऊला तिचा संदेश आला: "गेले!" मावशीने आणि मी तो वाचून पुन्हा चहा केला.

या निमित्ताने मला एक जुनी गोष्ट आठवली. कागदावरील चित्र ओळी-ओळींनी वाचून तारेने दूर पाठविण्याची कल्पना प्रथम मांडली ती अलेक्झांडर बेन या स्कॉटिश माणसाने, १८४३ साली. तो स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाच्या केथनेस परगण्यातला, आणि धंद्याने घड्याळजी. त्याच्या यंत्रात दोन टोकांना दोन लंबक होते. एक मूळ मजकुरावरून फिरे, दुसरा कोऱ्या कागदावरून. दोन्ही लंबक एका तालात हलले तरच चित्र उमटणार. ताल चुकला की सगळा गोंधळ. पुढे फ्रेडरिक बेकवेल या इंग्रज गृहस्थाने लंबकांच्या जागी फिरते दंडगोल घातले आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात आपले यंत्र लोकांना दाखविले. त्यालाही हीच अडचण: दोन टोकांची गती जुळेना. म्हणजे वेळ न जुळल्यामुळे बिघडण्याची या यंत्राची खोड जन्मापासूनची आहे.

या यंत्राचा भाऊ जो फॅक्स, तो तर इंग्लंडच्या रुग्णालयांतून जाता जाईना. २०१८ साली शल्यविशारदांच्या रॉयल कॉलेजने मोजणी केली तेव्हा इंग्लंडच्या ट्रस्टांमध्ये जवळजवळ ९,००० फॅक्स यंत्रे निघाली. त्याच डिसेंबरात सरकारने नवी फॅक्स यंत्रे घेण्यास बंदी केली आणि मार्च २०२० अखेर सगळी काढावयाचे ठरविले. मावशीला त्यांच्याविषयी अजून माया आहे. ती म्हणते, फॅक्स निदान कागद तरी हातात देई.

सोमवारी दुपारी बहिणीने गठ्ठा यंत्रात घातला. आणि संध्याकाळी घरी आली ती नवीन तक्रार घेऊन: प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ.

हे दुखणे माझ्या शाळेतले, माझ्या ओळखीचे! मी विचारले, "काचेवर पान पालथे ठेवून स्कॅन केले तर रेघ येते का?" "नाही." मग मी निश्चिंत झाले. वरून कागद आपोआप ओढला जातो तेव्हा तो मोठ्या काचेवर जातच नाही. तिच्या बाजूला बोटभर रुंदीची एक अरुंद काच असते, तिच्यावरून तो सरकतो. दिवा तेथे स्थिर असतो आणि कागद हलतो. म्हणून त्या पट्टीवर धुळीचा एक कण किंवा खाडाखोडीच्या पांढऱ्या रंगाचा एक ठिपका असला तरी त्याची पानभर रेघ होते. मोठी काच कितीही पुसा, काही होत नाही. आमच्या शाळेत आम्ही पंधरा दिवस चुकीची काच पुसत होतो. मऊ, सूत न सोडणारे कापड किंचित ओलसर करून त्या पट्टीवरून फिरवावे. पाणी किंवा औषध थेट काचेवर उडवू नये, ते कडेने आत उतरते. ठिपका वाळला असेल तर नखाने खरवडू नये, ओलसर कापड क्षणभर त्यावर धरावे.

तिच्या दवाखान्यात या रेघेचे कारण जुने पाकीट निघाले. इंग्लंडमध्ये रुग्णांच्या जुन्या नोंदी एका लहानशा पाकिटात ठेवलेल्या असत. त्यांना लॉइड जॉर्ज पाकिटे म्हणतात. १९११ चा राष्ट्रीय विम्याचा कायदा करणाऱ्या अर्थमंत्र्यांचे ते नाव. २०२१ च्या जानेवारीपासून नव्या रुग्णांसाठी ही पाकिटे देणे बंद झाले आणि जुन्यांतील कागद स्कॅन करण्याचे काम देशभर चालू आहे. त्या पाकिटात मावावे म्हणून प्रत्येक कागद दुमडलेला. कोठे टाचणी, कोठे डकवलेली पट्टी, कोठे तीस वर्षांपूर्वीचा डिंक. असे कागद यंत्रात घातले की दोन पाने एकदम ओढली जातात आणि एक पान हरवते. कोणाला पत्ताही लागत नाही, कारण यंत्र तक्रार करत नाही. यासाठी पाने आधी मोजावीत, पिना काढाव्यात, घड्या सरळ कराव्यात, गठ्ठ्याची कड हलवून पाने मोकळी करावीत, आणि शेवटी पडद्यावरची पाने मोजून आकडा जुळवावा. वेळ लागतो. शाळेत परीक्षेच्या उत्तरपत्रिका आपण मोजतोच ना?

पाने किती बारकाईने टिपावीत, यावरही आमचे बोलणे झाले. आमच्या शाळेत एका उत्साही सहकाऱ्याने वर्गाची यादी रंगीत आणि इंचाला ६०० ठिपके अशा थाटात स्कॅन केली. ते पत्र कोणालाच पोचले नाही. हिशेब सोपा आहे. ए-४ आकाराच्या पानावर इंचाला ३०० ठिपके घेतले तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत असल्यास मुळात सुमारे २६ मेगाबाइट, आणि ६०० घेतले तर त्याच्या चौपट, शंभराच्या वर. केवळ काळे-पांढरे घेतले तर ३०० ला एक मेगाबाइटच्या आसपास. यंत्र ते दाबून लहान करते हे खरे, पण लांब पत्र असले की टपालाची मर्यादा ओलांडलीच म्हणून समजा. साध्या छापील पत्राला ३०० पुरे.

दाबून लहान करण्यावरून एक सावधगिरीची गोष्ट. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की झेरॉक्सच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या घराच्या नकाशात खोल्यांचे आकडेच बदलले आहेत. एका खोलीचे क्षेत्रफळ २१.११ होते, ते १४.१३ झाले होते. पुढे पाहतो तर ६ च्या जागी ८ येत होते. जागा वाचविण्यासाठी यंत्र सारखी दिसणारी अक्षरे एकच समजून एकाचे चित्र दुसऱ्याच्या जागी बसवीत होते. पान अगदी स्वच्छ, चूक कोठे दिसायची नाही. त्या वर्षीच निर्मात्याने दुरुस्ती दिली. तरी ही गोष्ट ऐकल्यावर बहिणीने एक नियम केला: औषधाची मात्रा असलेले पत्र स्कॅन झाले की आकडे मूळ कागदाशी डोळ्यांनी ताडून पाहायचे, आणि तोपर्यंत कागद फाडायचा नाही. त्या वृद्ध गृहस्थांचे पत्र तिने दोनदा ताडून पाहिले.

मावशी हे सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "आमच्या वेळी औषधाचा तक्ता हाताने उतरवला की दुसऱ्या परिचारिकेने वाचून सही करायची. एकटीने उतरवलेला तक्ता चालत नसे." आणि ती उठून भाजीला फोडणी द्यायला गेली.

मी परत येण्यापूर्वी बहिणीने यंत्रावर एक चिठ्ठी चिकटवली होती: या घड्याळाला हात लावू नये. देखभालीच्या गृहस्थांना वाईट वाटू नये म्हणून खाली त्यांचेच नाव लिहून, यांच्याशिवाय इतरांनी, असे जोडले. ते खूश झाले म्हणे.

२०२४ च्या ऑक्टोबरात, २७ तारखेला, तिकडची घड्याळे पुन्हा एक तास मागे गेली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आमच्या येथे दुपारचे जेवण आटोपत होते तेव्हा तिचा संदेश आला. यंत्राने वेळ आपली आपणच मागे घेतली होती, आणि सकाळची अकरा पत्रे पडद्यावर पोचली होती. तिने पाने मोजली होती. अकराच होती.